ऑस्ट्रेलियाकडून किती गोल खायचे?

भारताचा फुटबॉल संघ 30 डिसेंबर 2023 ला दोह्यात उतरला. आशियाई चषकातला त्याचा पहिला सामना होता 13 जानेवारी 2024 ला, ऑस्ट्रेलियाशी. म्हणजे सरावाला जेमतेम दोन आठवडे. तेव्हाचे प्रशिक्षक इगोर स्टिमाच यांना याहून बरंच मोठं शिबिर हवं होतं, पण इंडियन सुपर लीगचं (आयएसएल) वेळापत्रक आडवं आलं. गटात ऑस्ट्रेलियाखेरीज उझबेकिस्तान आणि सिरिया. फिफाच्या तेव्हाच्या क्रमवारीत ऑस्ट्रेलिया 25वा, उझबेकिस्तान 68वा, सिरिया 91वा, आपण 102वे. गटातला सगळ्यात खालचा संघ आपलाच.

कोल्हापुरात फुटबॉलवर बोलायला निमित्त लागत नाही. तालमींच्या सामन्यांना शाहू स्टेडियमची गॅलरी भरते, वर्ल्डकप आला की ब्राझील-अर्जेंटिनाची पोस्टरं पेठापेठांत लागतात. भारताच्या संघावर तावातावाने बोलणारी माणसं मात्र शोधावी लागतात. मला दोन माहीत आहेत, आणि ती एकाच घरातली आहेत. मामा एके काळी तालमीच्या संघात स्टॉपर होते, नंतर शाळेच्या पोरांना शिकवत राहिले. भाची पुण्यात शाळेच्या मुलींना फुटबॉल शिकवते. फुटबॉल महासंघाचं प्रशिक्षकाचं डी लायसन्स तिने काढलंय. नावं देत नाही, कारण भाचीचं सासर नेमकं मामांच्या समोरच्या पेठेत आहे आणि दोघांनाही गावात तोंड दाखवायचंय. दोघांची या संघाबद्दलची मतं एकमेकांच्या पार उलट. वयावरून कुणाचं काय मत असेल याचा अंदाज बांधलात तर फसाल.

भाची: मामा, मी सरळच सांगते. ऑस्ट्रेलियाविरुद्ध जिंकायचा विचार डोक्यातून काढून टाकायचा. दोनपेक्षा जास्त गोल खायचे नाहीत, फालतू पिवळी कार्डं घ्यायची नाहीत, आणि कुणी लंगडत बाहेर यायचं नाही. एवढं जमलं की त्या दिवसाचं काम झालं.

मामा: हरायचं ठरवून मैदानात उतरायचं? लायसन्सच्या परीक्षेत हे शिकवलं व्हय तुला?

भाची: परीक्षेत नाही, पॉइंट टेबलमध्ये शिकले. 24 संघ, 6 गट. प्रत्येक गटातले पहिले दोन पुढे जातात आणि सहा तिसऱ्यांमधले चार. 2019 ला हेच नियम होते. व्हिएतनाम इराककडून हरला, इराणकडून हरला, फक्त येमेनला हरवलं. तीन गुण. लेबनॉनचेही तीनच. गोलफरक दोघांचा उणे एक, केलेले गोलही सारखे. शेवटी पिवळी कार्डं मोजली. लेबनॉनची जास्त निघाली, ते घरी गेले. व्हिएतनाम पुढे जाऊन क्वार्टर फायनल खेळला. मग सांगा, ऑस्ट्रेलियाविरुद्धचा तिसरा गोल आणि उगाच घेतलेलं कार्ड यांची किंमत काय होते?

मामा: आणि आपण? त्याच स्पर्धेत आपलेही तीनच गुण होते की.

भाची: आपण गटात चौथे आलो.

मामा: का आलो ते बोल. शेवटचा सामना बहारीनशी. बरोबरी झाली असती तरी आपण पुढे गेलो असतो. हेच तुझं गणित. नव्वद मिनिटं आपण शून्य-शून्य राखत बसलो आणि एक्क्याण्णवाव्या मिनिटाला प्रणय हलदरने डीमध्ये फाऊल केला. पेनल्टी, गोल, खेळ खलास. त्या दिवशी कॅप्टन होता बिचारा. मागे बसलं की हेच होतं. पाय थकतात तसं डोकंही थकतं, आणि थकलेल्या डोक्याचा पाय चुकीच्या वेळी पुढे जातो.

थोडं मागे जायला हवं. 2019 चा संघ स्टीफन कॉन्स्टंटाइन यांचा. साधा 4-4-2, चेंडू मिळाला की पुढे उडवायचा, आणि पुढच्या दोघांनी जीव खाऊन पळायचं. या खेळाला पुष्कळ लोक नाकं मुरडायचे. पण त्याच संघाने थायलंडला 4-1 हरवलं आणि यूएईविरुद्ध 0-2 हरतानाही चेंडू दोनदा क्रॉसबारला लागला. बहारीनच्या सामन्यानंतर कॉन्स्टंटाइन यांनी लगेच राजीनामा दिला. मे महिन्यात स्टिमाच आले. 1998 च्या वर्ल्डकपमध्ये तिसऱ्या आलेल्या क्रोएशियाच्या बचावफळीतला हा माणूस. आपल्या पोरांना चेंडू पायाशी ठेवून खेळता आलं पाहिजे, हा त्यांचा पहिल्यापासूनचा हट्ट. मामा आणि भाचीचं भांडण वरवर पाहता या दोन प्रशिक्षकांचंच आहे. पण ते तिथे थांबत नाही, म्हणून लिहावंसं वाटलं.

भाची: बहारीनचा सामना मी दोनदा पाहिलाय. अनस चौथ्याच मिनिटाला जखमी होऊन बाहेर गेला. मुख्य स्टॉपर गेल्यावर आख्खा सामना डागडुजीत गेला. आणि आपण हरलो ते मागे बसलो म्हणून नव्हे. काढलेला चेंडू पुढे कुणी धरलाच नाही, म्हणून हरलो. काढला की परत, काढला की परत.

मामा: मग मी वेगळं काय म्हणतोय? चेंडू धरायला शिका म्हणतोय.

भाची: तुम्ही म्हणताय सगळ्या संघाने धरायचा, गोलीपासून. मी म्हणतेय पुढे एकाने धरायचा. यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मामा उठून आत गेले. रागावले असं मला वाटलं, पण ते चष्मा घेऊन आले. बसता बसता त्यांनी भारताचे जुने प्रशिक्षक रहीम साहेबांचं नाव काढलं. या घरात ते निघतंच.

मामा: 1952, हेलसिंकी ऑलिंपिक. युगोस्लाव्हियाकडून 10-1. दहा! आता असं झालं तर तुमच्या पिढीतला कोच काय करेल? मागे भिंत बांधेल. सय्यद अब्दुल रहीम यांनी काय केलं? हंगेरीवाल्यांचा खेळ अभ्यासला, संघाची मांडणीच बदलली, पोरांना छोटे पास आणि मोकळी जागा बघायला शिकवलं. चार वर्षांनी मेलबर्न ऑलिंपिक. समोर कोण? ऑस्ट्रेलिया. त्यांच्याच घरात 4-2. नेव्हिल डिसूझाची हॅटट्रिक, आपल्या मुंबईच्या टाटा स्पोर्ट्सचा पोरगा. ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारा पहिला आशियाई. आपण चौथे आलो.

भाची: मामा, तेव्हाचा ऑस्ट्रेलिया आणि आताचा, यांच्यात नाव तेवढं सारखं आहे. 2011 ला याच दोह्यात याच स्पर्धेत त्यांनी आपल्याला 4-0 धुतलं, तो इतिहास का सांगत नाही? त्या संघातला फॉरवर्ड छेत्री अजून खेळतोय. आणि हा ऑस्ट्रेलिया वर्षभरापूर्वी वर्ल्डकपच्या बाद फेरीत अर्जेंटिनाशी खेळून 2-1 ने हरलाय. नोव्हेंबरात बांगलादेशला सात घातले.

मामा: मी 4-2 होईल म्हणतोय का? दहा गोल खाल्ल्यावर माणूस कुठल्या बाजूला वळला ते बघ, एवढंच म्हणतोय.

भाची: चार वर्षं होती त्यांच्याकडे. स्टिमाचकडे दोन आठवडे आहेत.

यावर मामांकडे उत्तर नव्हतं. पुराव्याला मात्र काही कमी नव्हतं, कारण 2023 चा पूर्वार्ध त्यांच्या बाजूचा होता. मार्चपासून जूनपर्यंत भारताने सलग 8 सामन्यांत एकही गोल खाल्ला नाही. मग कुवेतविरुद्ध साखळी तुटली, तीही स्टॉपर अन्वर अलीच्या स्वयंगोलने. इंटरकॉन्टिनेंटल चषक जिंकला, सॅफ ही दक्षिण आशियाई स्पर्धा जिंकली. सॅफमध्ये स्टिमाच यांना दोनदा लाल कार्ड मिळालं, त्यातलं एक पाकिस्तानी खेळाडूच्या हातातला थ्रोचा चेंडू उडवल्याबद्दल. सेमीफायनल आणि फायनलला मैदानालगत उभे होते ते सहायक प्रशिक्षक, गोव्याचे महेश गवळी. हे सामने झाले इम्फाळ, भुवनेश्वर आणि बेंगळुरूमध्ये, हे भाचीने मध्येच सुनावलं. तरी मामांनी तिच्या लॅपटॉपवर सॅफ फायनलमधला गोल लावायला लावलाच.

मामा: थांबव. इथे. कुवेत एक गोलने पुढे आहे. चेंडू डाव्या बाजूला आशिककडे. छेत्री बघ, त्याची पाठ गोलकडे आहे. आता चालू कर. आशिककडून छेत्रीला, छेत्रीने न थांबता सहलला मोकळ्या जागेत, सहलचा आडवा पास, आणि छांगते गोलसमोर एकटा. एकाने तरी चेंडू उडवला का? हा गोल भारताने केलाय, ब्राझीलने नव्हे. आणि तू म्हणतीस आपल्याला जमत नाही.

भाची: जमतं. जमलं होतं. पण आता त्याच चौघांची हजेरी घ्या. आशिकचा गुडघा गेलाय, संघात नाही. सहलचा घोटा दुखावलाय, पहिला सामना खेळेल का याचीच शंका. छेत्री 39 वर्षांचा. उरला छांगते. आणि चेंडू मागून ज्याच्या पायातून निघायचा तो अन्वर अली जखमी, मध्ये उभा राहून चेंडू मागणारा जॅकसन जखमी. चाल तुम्ही दाखवलीत, पण ती खेळणारी माणसं दोह्यात आहेत कुठे?

मामा स्क्रीनकडे बघत राहिले. मला विचाराल तर या वादातला सगळ्यात भक्कम मुद्दा हाच. आपण खेळाच्या शैलीवर बोलताना ती धैर्याची किंवा विचारसरणीची गोष्ट असल्यासारखं बोलतो: हा प्रशिक्षक शूर, तो भित्रा. खरं तर मागून पास करत खेळायचं की नाही, हे दोन स्टॉपरपैकी एकाच्या पायावर ठरतं. अन्वर डोकं वर ठेवून चाळीस मीटरचा तिरका पास देतो; त्याच्याकडे चेंडू असला की समोरच्या विंगरला मागे सरकावं लागतं. संदेश झिंगन झुंजार आहे, हेडरला वाघ आहे, पण त्याच्याकडून तो पास येत नाही आणि समोरच्यालाही हे ठाऊक असतं. अन्वर नसेल तर समोरचा संघ झिंगनला चेंडू खुशाल ठेवू देतो आणि बाकीचे नऊ जण झाकून टाकतो.

मामा: बरं, माणसं नाहीत. मग तुझा प्लॅन सांग. सगळे डीमध्ये उभे करायचे?

भाची: स्टिमाचचाच प्लॅन सांगते. सप्टेंबर 2019, दोहा, कतारविरुद्ध. कतार तेव्हा आशियाई विजेता. छेत्री आजारी, संघाबाहेर. आपण मागे दोन रांगा लावल्या, मधली जागा बंद केली, कतारला बाजूने क्रॉस टाकू दिले. गोलमध्ये गुरप्रीत भिंतीसारखा उभा. शून्य-शून्य. स्टिमाचच्या साडेचार वर्षांतला सगळ्यात मोठा निकाल कुठल्या खेळाने आला, ते बघा की.

मामा: आणि पुढच्या महिन्यात काय झालं? कोलकात्यात सॉल्ट लेक खच्चून भरलेलं. समोर बांगलादेश. आता मागे बसून चालणार नव्हतं, गोल करायचा होता. जमला? पूर्वार्धात एक खाल्ला, आणि 88व्या मिनिटाला आदिल खानने कॉर्नरवर डोकं लावलं म्हणून अब्रू वाचली. कतारला रोखलं आणि बांगलादेशला हरवता आलं नाही. तुझ्या खेळाने एक गुण मिळतो गं. तीन गुणांची वेळ आली की हात रिकामे.

भाची: तो सामना सिरियाचा. मी अजून ऑस्ट्रेलियावरच आहे.

मामा: तुला ऑस्ट्रेलियावरच राहायचंय, कारण तिथे तुझं उत्तर सोपं आहे. सिरियाचा कोच हेक्टर कूपर. इजिप्तला 2018 च्या वर्ल्डकपला घेऊन गेला तो. संघ घट्ट बांधून ठेवणारा माणूस. नोव्हेंबरात जपानकडून पाच खाल्लेत त्याने, त्यामुळे आता तर आणखीच बांधेल. तो आपल्यासमोर मागे बसणार. मग चेंडू आपल्याकडेच येणार, मागायची गरजच नाही. तेव्हा काय करायचं? पहिले दोन सामने उडवाउडवी करून तिसऱ्या दिवशी सकाळी पोरांना सांगायचं, आजपासून पास करा?

इथे भाची पहिल्यांदा गप्प झाली. माझंही मत इथे हललं. तोपर्यंत मी मनाने तिच्या बाजूला होतो. तिचं तिसऱ्या क्रमांकाचं गणित पक्कं आहे, पण त्या गणितात सिरियाला हरवणं गृहीत धरलंय, आणि तेच सगळ्यात अवघड आहे. सिरियाविरुद्ध आपण हरतोच असं नाही. 2019 मध्ये अहमदाबादला 1-1 झालं होतं. मामांना तर 2007 चा नेहरू चषक आठवतो, दिल्लीत प्रदीपच्या एकाच गोलवर जिंकलेली फायनल. पण ते सामने आपल्या मैदानावरचे होते.

भाची: (जरा वेळाने) ठीक आहे. सिरियाला पास लागणार, मान्य. पण त्याचा सराव ऑस्ट्रेलियाविरुद्ध केला तर चार गोल बसतील आणि मग सिरियाला हरवूनही उपयोग नाही. मलेशियात काय झालं ऑक्टोबरात? मोकळे खेळलो, दोन केले, चार खाल्ले.

मामा: आणि सप्टेंबरात इराकविरुद्ध? मोकळेच खेळलो. दोनदा आघाडी घेतली. त्यांचे दोन्ही गोल पेनल्टीवर. टायब्रेकरला हरलो म्हणून तो सामना कुणी मोजत नाही.

भाची: मी मोजते. तो खेळ मला आवडला. पण इराक आणि ऑस्ट्रेलिया एक नाहीत. ऑस्ट्रेलियाचा हॅरी सूटार किती उंच आहे माहितीय? सहा फूट सहा इंच. दर कॉर्नरला तो वर येणार.

या मुद्द्यावर मामा खुर्चीतून उठले आणि मला भिंतीपाशी उभं केलं. मी सूटार. ते स्टॉपर. माझ्यापेक्षा ते चांगले वीतभर बुटके आहेत.

मामा: हे बघ. उंच माणसाबरोबर उडायला गेलास की हरलास. तो उडणारच, आणि तुझ्या वरूनच उडणार. त्याला धाव मिळू द्यायची नाही. सूटारसारखा माणूस डीच्या कडेवरून दोन-तीन पावलं पळत येऊन उडतो. ती पावलंच खायची. (मला खांद्याने अडवत) असं. चेंडू मारायच्या आधीच तुझी कंबर त्याच्या वाटेत. हात वर नाही, हात वर गेला की पेनल्टी. आणि चेंडूकडे बघायचं नाही, माणसाकडे बघायचं. चेंडू दुसरा कुणीतरी काढेल.

भाची: आता व्हीएआर आहे मामा. डीमध्ये धरलं की वरून दिसतं.

मामा: धरलं कुठं? उभा आहे मी. उभं राहायला बंदी आहे काय?

भाची: (हसत) कोपर काढा आधी त्यांच्या बरगडीतून. मी शिकवताना दोन प्रकार मिसळते. जवळच्या पोस्टवर आणि सहा यार्डांत तिघी जागा धरून उभ्या, त्यांनी चेंडू बघायचा. बाकीच्यांनी माणसं अडवायची, तुम्ही दाखवलंत तशीच. आपल्या संघाचं काम यातच अडतं. स्टिमाचने इंग्लंडचा माजी विंगर ट्रेव्हर सिंक्लेअर याला खास सेट-पीससाठी दोह्याला बोलावलंय. मला ही या शिबिरातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट वाटते. दोन आठवड्यांत पासिंग शिकवता येत नाही, पण कॉर्नर शिकवता येतो.

मामा: बचावाचाच का? मारायचाही की. राहुल भेके आहे आपल्याकडे. मुंबईचा पोरगा. 2019 ची आयएसएल फायनल आठवतीय? गोव्याविरुद्ध, जादा वेळ, 117वं मिनिट, कॉर्नर, हेडर, बेंगळुरू चॅम्पियन.

भाची: बघा! आता तुम्ही माझ्या पार्टीत आलात.

मामा: कॉर्नर मिळायला आधी त्यांच्या अर्ध्यात जावं लागतं, बाई.

ही मुंबईची जोडी लक्षात ठेवण्यासारखी आहे: भेके आणि निखिल पुजारी. पुजारी मुळातला विंगर. त्याला उजवा बॅक केलं गेलंय. मामांच्या मते पासिंगच्या खेळाला असाच बॅक लागतो, जो पुढे गेला की विंगरसारखा खेळतो. भाचीच्या मते ऑस्ट्रेलियाचे विंगर नेमके त्याच्या मागच्या जागेवर चेंडू टाकतील, म्हणून पहिल्या सामन्यात उजवीकडे भेके हवा आणि पुजारी सिरियासाठी राखून ठेवावा. यावर त्यांचं दहा मिनिटं चाललं. गोव्याचे ब्रँडन फर्नांडिस आणि लिस्टन कोलासो यांचीही नावं निघाली, पण मामांना कोलासोचं ड्रिबलिंग आवडतं, भाचीला आवडत नाही, यापलीकडे गाडी गेली नाही. उझबेकिस्तानवर तर दोघांनी पाच वाक्यंही खर्च केली नाहीत. त्यांच्या 20 वर्षांखालच्या संघाने मार्च 2023 मध्ये आशियाई विजेतेपद मिळवलंय आणि त्यातला फैझुल्लाएव आता मोठ्या संघात आहे, एवढं भाची म्हणाली. ‘दहा वर्षांपूर्वी त्यांनी पोरांवर पैसा लावला, आता पीक काढताहेत,’ असं मामा म्हणाले आणि दोघांनीही मान हलवली. त्या दिवशी एकमत झालेला हा एकच मुद्दा.

मग मी विचारलं, चेंडू काढल्यावर तो पुढे धरणार कोण, हे तुम्ही दोघांनीही सांगितलं नाही.

भाची: मनवीर. दुसरा कोण आहे? उंच आहे, ताकद आहे, नोव्हेंबरात कुवेतमध्ये जाऊन जिंकून दिलं त्याने. छांगतेचा डावीकडून क्रॉस आणि मनवीर. 75वं मिनिट, 1-0. तो सामना आपण कसे खेळलो आठवा. वाट बघितली आणि एक संधी घेतली.

मामा: मनवीर क्लबकडून कुठे खेळतो?

भाची: बाजूला. विंगवर.

मामा: मध्ये कोण असतं?

भाची: परदेशी.

मामा: प्रत्येक क्लबात?

भाची: बहुतेक सगळ्या. चार परदेशी मैदानात चालतात. एक स्टॉपर, एक-दोन मिडफिल्डला, आणि एक नऊ नंबर. हमखास.

मामा: म्हणजे आपली पोरं आठवडेच्या आठवडे बाजूला उभी राहून परदेशी माणसाला क्रॉस टाकतात. आणि भारताचा शर्ट घातला की त्यांनी एकदम मध्ये येऊन सूटारला पाठीवर घ्यायचं. कसं घेतील? तो काय पेपरात वाचून शिकायचा धंदा आहे? पाठीवर माणूस घेऊन चेंडू धरायला शंभर सामने लागतात.

बाजू कुणाचीही घ्या, वाद याच दाराशी येऊन थांबतो. मागे बसायचं तर काढलेला चेंडू धरायला पुढे एक माणूस लागतो. पासिंग करायचं तर शेवटचा पास घ्यायला तोच माणूस लागतो. कित्येक वर्षांत त्या जागेवर एकाच माणसाने तोवर 93 आंतरराष्ट्रीय गोल केले होते आणि तो ऑगस्ट 2024 मध्ये 40 चा होणार होता. कॉन्स्टंटाइनचा संघ असो की स्टिमाचचा, मागून चेंडू कसाही येवो, पुढे पत्ता छेत्रीचाच. बाकी सगळी मांडणी, 4-4-2 की 4-2-3-1, मला त्यापुढे फिकी वाटते. दोष स्टिमाच यांचा नाही, कॉन्स्टंटाइन यांचाही नव्हता. राष्ट्रीय प्रशिक्षकाला वर्षातून काही आठवडे खेळाडू मिळतात. नऊ नंबर घडतो तो क्लबच्या मैदानावर, आणि तिथली ती जागा भाड्याने गेलेली आहे.

भाची: म्हणून तर म्हणते, मोठ्या संघाविरुद्ध खाली बसायला लाज कसली? तुम्हीच तालमीत सांगायचात ना, खाली धरलेला पैलवानही डाव मारतो म्हणून.

मामा: मारतो. पण खाली गेल्यावर त्याचा हात वरच्याच्या पायावर असतो. नुसता माती धरून बसतो तो चीत होतो. तुझ्या त्या कतारच्या सामन्यातही उदांता पळत होता, दोनदा त्यांना मागे ओढलं त्याने. नुसते मागे नव्हतो आपण. मला ऑस्ट्रेलियाविरुद्ध तेवढं तरी दाखव. दर दहा मिनिटांनी एकदा त्यांच्या गोलीला घाम फुटला पाहिजे. मग दोन गोल खा, मी काही बोलणार नाही.

भाची: दर दहा मिनिटांनी म्हणजे नऊ वेळा. मामा, नऊ वेळा नाही होणार. तीनदा झालं तरी मी पेढे वाटेन.

मामा: तीनदा, पण पहिली पूर्वार्धात. शून्य-शून्य असताना. एक गोल खाल्ल्यावरची नको.

भाची: चालेल. मग पुढे कोण? तीन संधींसाठी?

मामा: छेत्री.

भाची: नाही. ऑस्ट्रेलियाविरुद्ध छेत्री नाही. किंवा साठ मिनिटं, मग बाहेर. सूटार आणि दुसरा स्टॉपर त्याला हेडर घेऊ देणार नाहीत, आणि मागे पळायला 39 वर्षांचे पाय पुरणार नाहीत. दहा दिवसांत तीन सामने आहेत. तिसरा महत्त्वाचा, हे तुम्हीच सांगितलंत.

मामा: छेत्रीला बसवून बघ. स्टेडियममधले निम्मे लोक उठून जातील. दोह्यात मल्याळी किती आहेत माहितीय ना?

भाची: लोकांसाठी संघ निवडायचा असेल तर आपण दोघं कशाला बोलतोय?

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी माझ्याकडची वही ओढून घेतली आणि अकरा नावं लिहायला घेतली. गुरप्रीत, भेके, झिंगन, सुभाषिष, आकाश मिश्रा. मध्ये आपुइया, सुरेश. डावीकडे नाओरेम महेश, उजवीकडे छांगते. मनवीर. दहा झाले.

भाची: अकरावा?

मामा: लिहितो की. घाई काय आहे?

भाची: टँग्री लिहा. मध्ये तिसरा माणूस हवा, सूटारच्या कॉर्नरलाही उंची मिळेल.

मामा: टँग्री लिहिला तर पुढे मनवीर एकटा.

भाची: एकटाच असणार. तुमचा छेत्री सिरियाच्या दिवशी पहिल्या मिनिटापासून. तेव्हा मी एक शब्द बोलणार नाही.

मामा: तुला वाटतं तितका दमत नाही तो.

भाची: मामा, अकरावं नाव.

मामा: (लिहीत) लिहिलं. पण 0-0 असेल तर साठाव्या मिनिटाला टँग्री बाहेर, हे शेजारी लिहून ठेवतो. त्यावर तुझी सही लागेल.